तटस्थ

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली, की पहिल्याच आठवड्यात सहलीचा विषय निघतो. शिक्षकांच्या खोलीत भिंतीवरचा कर्नाटकाचा नकाशा टेबलावर उतरतो आणि त्यावर बोटे फिरू लागतात. खर्च आणि परवानग्या यांचा विचार करून सहल राज्याच्या हद्दीतच न्यावयाची, हा आमच्या शाळेचा जुना दंडक. आमच्यासारख्या सीमेवरच्या गावाला त्याची थोडी गंमत वाटते. आंबोलीचा धबधबा बेळगावहून दोन तासांवर, पण तो हद्दीपलीकडे. जोगला जायचे तर सहा तास, पण तो हद्दीत. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र कुणाचीही परवानगी न घेता आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वराला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. मुलांना हे सांगितले की ती हसतात. मीही हसतो. पण गेली अनेक वर्षे सहलीच्या नोटिशीवर सही करताना एक प्रश्न मला सतावतो. निसर्गातले एखादे आश्चर्य आपण पाहायला जातो, तेव्हा नेमके काय करतो? आणि जे पाहिले त्याचे आपण काही देणे लागतो का?

प्रश्न तसा पुस्तकी वाटेल. माझ्यापुढे तो एका नववीतल्या मुलाने टाकला. त्याला काही विचारायचे नव्हते. तो केवळ निबंध लिहीत होता.

१९९७ सालची गोष्ट. मी तेव्हा मराठीचा शिक्षक होतो, नोकरीला लागून तीन वर्षे झाली होती. नोव्हेंबरच्या शेवटी हिडकल धरण, गोकाकचा धबधबा आणि गोडचिनमलकी अशी एका दिवसाची सहल निघाली. सकाळी धरणावर पोचलो. राजा लखमगौडा जलाशय काठोकाठ भरला होता. कोवळे ऊन पाण्यावर पसरले होते, पलीकडच्या टेकड्या निळसर दिसत होत्या आणि पाण्यावर पाणकावळ्यांची एक ओळ बसली होती. मला वक्तृत्वाची हौस. भिंतीवर उभे राहून मी मुलांना सांगितले, की १९७७ साली हे धरण पुरे झाले, यातल्या पाण्याने कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला, आणि मानवाच्या हातून निर्माण झालेले असे सौंदर्यही निसर्गाच्या तोडीचे असू शकते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगा तेवढा पाण्याकडे पाठ करून, बसला टेकून उभा होता. मला वाटले, गाडी लागली असेल. मी त्याला आवळ्याची सुपारी दिली.

तिथून गोकाकला गेलो. पावसाळा सरून दोन महिने झाले असले तरी घटप्रभेला बरेच पाणी होते. घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून ती सुमारे १७० फूट खाली उडी घेते. काठावर जुनी मंदिरे आहेत, आणि १८८७ साली सुरू झालेली सूतगिरणी आहे. झुलत्या पुलावर मुली किंचाळल्या, मुलांनी पूल मुद्दाम हलवला, मी रागावलो. सहल जशी व्हावी तशी झाली.

पुढच्या आठवड्यात निबंध दिला: ‘मी पाहिलेले निसर्गसौंदर्य’. चाळीसपैकी अडतीस मुलांनी गोकाक लिहिले. त्यांत ‘शुभ्र दुधासारखे फेसाळणारे पाणी’ अडतीस वेळा आले. बसला टेकून उभ्या राहिलेल्या मुलाने हिडकल लिहिले होते. त्याच्या घरात कानडी, शाळेत मराठी. त्यामुळे वाक्ये तुटक असायची. त्याने जे लिहिले ते साधारण असे होते: धरणात पुष्कळ पाणी आहे. आमचा आज्जा धरणाकडे येत नाही. पाण्याखाली आमचे घर आहे, बांधावर दोन आंब्याची झाडे आहेत. आज्जी म्हणायची, आंबे गोड होते. मी आंबे खाल्लेले नाहीत. सगळे पाणी बघत होते, म्हणून मीही थोडे बघितले.

दहापैकी मी चार गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिले: ‘विषयांतर. सौंदर्याचे वर्णन नाही.’

आज हे लिहिताना मान खाली जाते, पण त्या वेळी मला आपण चुकलो असे वाटले नव्हते. उलट, माझ्या पाठीशी मोठा आधार होता. एम.ए.ला असताना रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तून मला कांट भेटला होता. एखादी वस्तू सुंदर आहे असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या आनंदात आपला हितसंबंध मिसळलेला नसतो, असे कांटने १७९०च्या आपल्या ग्रंथात मांडले. तिथे त्याने राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. समोरचा राजवाडा सुंदर आहे का, असे विचारल्यावर कुणी म्हणेल, की रयतेचा घाम गाळून उभारलेले असले डामडौल मला मान्य नाहीत. कांट म्हणतो, हे सगळे मान्य. पण प्रश्न तो नव्हता. प्रश्न एवढाच होता, की नुसत्या पाहण्याने तुम्हाला आनंद होतो की नाही. माझा लाल शेरा म्हणजे या विचाराचीच शाळकरी आवृत्ती होती. मी सौंदर्य विचारले होते, त्याने घर सांगितले.

त्याच ग्रंथात कांट भव्यतेविषयीही बोलतो. कोसळणारा प्रपात, खवळलेला समुद्र, गडगडणारे मेघ हे आपल्याला ओढून घेतात, पण एका अटीवर: आपण स्वतः सुरक्षित जागी असलो पाहिजे. हे अगदी खरे आहे. गोकाकच्या कठड्यामागे उभे राहून घटप्रभा भव्य वाटते. तीच घटप्रभा २०१९च्या ऑगस्टमध्ये पात्र सोडून गोकाकच्या घराघरांत शिरली, तेव्हा कुणाला भव्यतेची आठवण झाली नसेल. म्हणजे पाहण्याचा आनंद घ्यायला काठ लागतो. मराठीत आपल्याकडे त्यासाठी फार नेमका शब्द आहे: तटस्थ. तटावर उभा असलेला. आपण तो निःपक्षपाती या अर्थाने वापरतो आणि तो सद्गुण मानतो. पण त्या शब्दाच्या पोटात एक नदी आहे आणि नदीत कुणीतरी आहे, हे विसरतो. हिडकलच्या भिंतीवर आम्ही चाळीसजण होतो. त्यांतले एकोणचाळीस तटावर होते. एकाचे घर पाण्यात होते.

हे मला उमगले ते २००३च्या उन्हाळ्यात. पाऊस आधीच ओढ देऊन गेलेला, जलाशय खूप खाली गेला होता. बुडीत क्षेत्रातले हुन्नूरचे विठ्ठलमंदिर अशा वेळी पाण्याबाहेर येते आणि आसपासची माणसे दर्शनाला लोटतात. मीही कुतूहलाने गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालत आम्ही मंदिरापाशी पोचलो. दगडांवर पाण्याच्या पातळीचे पट्टे उमटले होते. लोक नारळ फोडत होते, कानडीत आणि मराठीत एकाच विठ्ठलाला हाका मारत होते. तिथे तो मुलगा भेटला. आता वीस-एकवीस वर्षांचा, गॅरेजमध्ये कामाला. बरोबर धोतर-पटक्यातले वयस्क गृहस्थ होते. ‘आज्जा, आमचे सर,’ असे त्याने सांगितल्यावर म्हाताऱ्याने मला नमस्कार केला आणि माझ्या हाताला धरून जरा बाजूला नेले. काठीने उघड्या गाळाकडे दाखवून म्हणाले, ‘अल्लि नम्म मनी.’ तिथे आमचे घर.

मी पाहिले. तिथे काहीही नव्हते. सपाट गाळ आणि एक वाळलेला बुंधा. आंब्याचाच होता की नाही, मी विचारले नाही. पण म्हातारा ज्या नजरेने त्या रिकाम्या जागेकडे पाहत होता, तसे मी त्या दिवसापर्यंत कशाकडेही पाहिले नव्हते. जोगकडे नाही, हिमालयाच्या चित्रांकडे नाही. तिथे उभ्या उभ्या मला सहा वर्षांपूर्वीचे चार गुण आठवले. मुलाला मी तसे बोलूनही दाखवले. तो संकोचून म्हणाला, ‘जाऊ दे की सर, माझं शुद्धलेखन पण चुकलं होतं.’

इथे वाचक एक रास्त आक्षेप घेतील, आणि तो मीही स्वतःवर घेतला आहे. धरण नको होते का? मी बेळगावात राहतो. शहराला राकसकोपचे पाणी पुरत नाही. हिडकलचे पाणी नळाला येते. त्या दुपारी घरी परतल्यावर पायांना लागलेला हिडकलचा गाळ मी ज्या पाण्याने धुतला, ते कदाचित हिडकलचेच असेल. घटप्रभेच्या कालव्यांनी किती घरांत दोन वेळचे अन्न आणि पोरांच्या शिक्षणाचा पैसा आणला, हे सीमाभागात कुणाला सांगायला नको. माझे म्हणणे धरणाविरुद्ध नाही. ते पाहणाऱ्याविषयी आहे. ज्या पाण्याने आपली तहान भागते, त्याला केवळ देखावा म्हणून पाहायचा अधिकार आपल्याला उरतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

जोगला हा प्रश्न आणखी उघडपणे समोर येतो. कॉलेजात असताना मी एकदा ऑगस्टमध्ये जोग पाहिला होता. धुके फाटले की राजा, रोअरर, रॉकेट आणि रानी या चार धारा दिसत आणि पुन्हा पुसल्या जात. शरावती तिथे २५३ मीटर खाली कोसळते. तो आवाज कानांपेक्षा छातीत ऐकू येतो. पुढे शिक्षक म्हणून जानेवारीत मुलांना घेऊन गेलो, तर काळ्या कड्यावर पाण्याचे दोन दोरे लोंबत होते. सहा तासांचा प्रवास करून आलेली मुले हिरमुसली. एका मुलीने विचारले, ‘सर, पाणी कुठं गेलं?’ चहाच्या टपरीत दिवसाढवळ्या एक दिवा जळत होता. मी तिकडे बोट केले.

उत्तर तसे खरे होते. १९४८ पासून जोगच्या पायथ्याशी वीज तयार होते आणि १९६४ साली वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण बांधून शरावती अडवली गेली. त्या जलाशयाने सुमारे ३०० चौरस किलोमीटर जमीन व्यापली. जे पाणी पूर्वी कड्यावरून कोसळत होते, त्यातले बरेचसे आता नळांतून जनित्रांकडे जाते आणि राज्यभर दिवे लावते. ज्यांची गावे बुडाली, त्यांच्या वारसांचा जमिनीच्या हक्काचा प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही. विश्वेश्वरय्यांनी जोग पाहून एवढे पाणी वाया जात असल्याची हळहळ व्यक्त केली, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती आपल्याकडे दोन तऱ्हांनी सांगितली जाते. कुणी ती द्रष्टेपणाची खूण म्हणून सांगतो, कुणी रसिकतेच्या अभावाची. मला दोन्ही सांगणारे सारखेच वाटतात, कारण दोघेही रात्री दिवा लावून वाचतात. दिव्याखाली बसून कोरड्या जोगबद्दल उसासे टाकणे हा सोपा मार्ग आहे. त्या मुलीला मी दिवा दाखवला, पण बुडालेली गावे सांगितली नाहीत. तेवढे धैर्य मला नव्हते. तिचा सहलीचा दिवस होता.

आमचे विज्ञानाचे जुने सहकारी याच मुद्द्यावर माझ्याशी नेहमी भांडत. ते म्हणत, ‘तुम्ही मुलांचा आनंद नासवता. एक दिवस तरी त्यांना पाणी म्हणजे पाणी बघू द्या. सगळ्या हिशेबांसाठी पुढचं आयुष्य आहे.’ त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. नुसत्या पाहण्याचा आनंद ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. निसर्गाच्या सौंदर्यात ज्याला रस वाटतो, त्याच्या ठायी चांगुलपणाचा अंश असतो, असे कांटनेही म्हटले आहेच. ज्या मुलाला धबधबा पाहून ओरडावेसे वाटत नाही, त्याला पुढे बुडालेल्या गावाचे तरी काय वाटणार? तेव्हा आनंद आधी हवा, हे मला पटले. पण तो तिथेच थांबला पाहिजे, हे पटले नाही. आईच्या हातची भाकरी गोड लागते. पुढे कधीतरी तिच्या हातांवरचे चटके दिसतात. त्याने भाकरीची गोडी कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट या प्रश्नात भर घालते, ती आमच्या अगदी जवळची. खानापूर तालुक्यातले भीमगडचे जंगल २०११ साली अभयारण्य झाले. त्याच डोंगराळ मुलुखात म्हादई उगम पावते आणि गोव्याकडे जाते; कणकुंबीला मलप्रभा निघते आणि पूर्वेकडे कृष्णेला जाते. एकाच पावसाच्या दोन सरी दोन समुद्रांना मिळतात. याच जंगलात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथे राहणारे एक वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला नव्याने ज्ञात झाले आणि राटन नावाच्या वनाधिकाऱ्याच्या नावाने ओळखले गेले. नंतर कितीतरी दशके जगात त्याची एवढीच एक वसाहत माहीत होती. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडले. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. पण गुहेतला माणसाचा वावर, उजेड, गोंगाट त्याला सोसत नाही. हे आश्चर्य पाहायला जाणे म्हणजेच त्याला धक्का लावणे. आमच्या मुलांनी विचारले, ‘मग आपण केव्हा जायचं?’ मी म्हटले, ‘जायचं नाही.’ मुले माझ्याकडे पाहतच राहिली. आपल्या जिल्ह्यात जगातली एक दुर्मीळ गोष्ट आहे आणि ती न पाहणे हेच तिच्यावरचे प्रेम, हा धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

त्याच जंगलात माणसेही राहतात. मराठी बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या तिथली. पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला झोळीत घालून वाहून आणावे लागते. आपण उन्हाळ्यात जाऊन ज्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतो, त्याच्यावर त्यांच्या पायवाटा आहेत. रस्ता झाला तर जंगल दुभंगते, नाही झाला तर माणसाचा जीव जातो. या दोहोंत काय निवडावे हे सांगण्याइतका मी शहाणा नाही. पण या प्रश्नात ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, त्याने जंगलाचे छायाचित्र घेऊन ‘हे असेच राहावे’ असे लिहिणे मला बरे दिसत नाही.

मग पाहावे तरी कसे? याचे उत्तर मला पाश्चात्त्य ग्रंथापेक्षा आपल्याच जुन्या काव्यशास्त्रात अधिक सापडले. अकराव्या शतकातला मम्मट ‘काव्यप्रकाशा’त रसाची चर्चा करताना सांगतो, की रसिकाला येणारा अनुभव हा माझाच, शत्रूचाच, अथवा तटस्थाचाच अशा कप्प्यांत बसत नाही. आणि यांपैकी कुणाचाच नाही, असाही तो नसतो. विद्यार्थी असताना मी हे परीक्षेपुरते पाठ केले होते. हुन्नूरच्या गाळातून परतताना त्यातला ‘तटस्थ’ हा शब्द मला नव्याने दिसला. मम्मटाने तटस्थालाही त्या यादीत घातले आहे! माझेपणा आणि वैर यांच्याइतकीच तटस्थताही रसाच्या आड येते, हे मी इतकी वर्षे वाचून सोडून दिले होते.

आम्हा सीमेवरच्या माणसांना पहिले दोन कप्पे चांगले ठाऊक आहेत. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ या शब्दांतच वाढलो. त्यामागे खरे दुःख आहे, आणि त्याची थट्टा मी करणार नाही. पण धबधब्यापुढे उभे राहिल्यावर हे शब्द कमी पडतात. गोकाक कुणाचा, या प्रश्नाला घटप्रभेकडे उत्तर नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस तिथे पडतो, एवढेच ती जाणते. गंमत अशी, की ‘आमचे-त्यांचे’ या भांडणाला कंटाळून माणूस जेव्हा तिसऱ्या कप्प्यात जातो, ‘कुणाचे का असेना, मला काय त्याचे’ असे म्हणून काठावर बसतो, तेव्हा त्याला आपण सुटलो असे वाटते. पण तोही पाहत नसतो. मालकाची नजर आणि पर्यटकाची नजर यांत मला आता फारसा फरक वाटत नाही. एकाला ती जागा आपल्या नावावर हवी असते, दुसऱ्याला आपल्या यादीत.

त्या म्हाताऱ्याची नजर मात्र तिन्ही कप्प्यांबाहेरची होती. ती जमीन आता त्याची नव्हती. ज्यांच्या शेतात तिचे पाणी गेले, त्यांच्याविषयी तो कडवटही बोलला नाही. ‘पाण्यानं पुष्कळांचं पोट भरलं,’ असे तोच मला म्हणाला. आणि तो तटस्थ तर मुळीच नव्हता. वाट पाहून, काठी टेकत, मे महिन्याच्या उन्हात गाळ तुडवत आला होता. त्याला जे दिसत होते त्यात घर होते, पाणी होते, विठ्ठल होता, दुसऱ्याच्या शेतातला ऊसही होता. त्यातले काही वगळले असते तर ते पाहणे अपुरे राहिले असते. १९९७ साली मी ज्याला विषयांतर म्हणालो, तो त्याच्या नातवाचा विषयच होता.

आता मुख्याध्यापक झाल्यावर सहल मी नेत नाही. तरुण शिक्षक नेतात. मी फक्त दोन बदल केले. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात विचारायला सांगतो, की जिथे चाललो आहोत तिथले कुणी आपल्यात आहे का. दरवर्षी कुणीतरी असतेच: कुणाची आजी तिथली, कुणाचे वडील कालव्यावर कामाला, कुणाचे मामा जंगलाच्या आतल्या गावात. मग तिथे पोचल्यावर आधी तो मुलगा बोलतो, शिक्षक नंतर. दुसरा बदल निबंधाचा. ‘मी पाहिलेले निसर्गसौंदर्य’ हा विषय मी रद्द केलेला नाही. फेसाळणारे शुभ्र पाणी अजूनही येते, आणि येऊ दे. ते खरेच शुभ्र असते. पण ‘विषयांतर’ हा शेरा लिहिण्यापूर्वी उत्तरपत्रिका माझ्याकडे पाठवावी, अशी सूचना आहे. वर्षाला दोन-तीन तरी येतात.

यंदाची सहल पुन्हा हिडकल-गोकाकलाच जायची आहे. नोटीस टेबलावर आहे. काल एका वर्गशिक्षिकेने निरोप आणला, की आठवीतल्या एका मुलीला धरणावर बोलायचे आहे, पण तिला मराठीत नीट जमणार नाही, कानडीत बोलली तर चालेल का? मी म्हटले, ‘बोलू दे. आपल्या मुलांना कळतंय की.’ आणि नोटिशीवर सही केली.